मुलीकडची आई, मुलाकडची अक्का

हरिणीच्या लग्नात मामा उसना आणावा लागला होता. हसू नका, खरंच. नवरीला बोहल्यावर घेऊन यायचं ते मामानं, तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं, आणि हरिणीला सख्खा मामा एकच, राघवेंद्र. तो तर बाशिंग बांधून अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव होऊन उभा! मग हिला आणणार कोण? पापनाशमहून एक लांबचे मामा शोधून काढले. रेल्वेतून रिटायर झालेले, पोट सुटलेले, सुटतं धोतर सांभाळत आले बिचारे. त्यांनी नवरीचा हात धरला मात्र, पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, "हात कां धरता वो? शालीचं टोक धरा, पुरे!"

अख्खा मांडव हसला. भटजींचा मंत्र चुकला. नवरीची आई राजलक्ष्मी तर डोळे पुसेपर्यंत हसली. "बघा माझा राघू! अजून गळ्यात माळ पडली नाही, आणि आत्तापासून बायको जपतो!"

माझा राघू म्हणाली, कारण ही राजलक्ष्मी नवरीची आई, तशीच नवरदेवाची थोरली बहीण. पुण्या-साताऱ्याकडे मामा-भाचीचं लग्न म्हटलं की लोक कानांवर हात ठेवतात. तंजावूरच्या मराठी घरांत मात्र ही जुनी रीत, शेजारच्या तमिळ घरांसारखीच. हरिणीच्या मुलीला, कीर्तनाला, राजलक्ष्मी आईकडून आजी लागते आणि बापाकडून आत्या. पोरगी आजीच म्हणते. आत्या म्हणून दोन्हीकडून लाडू मागायची अक्कल तिला अजून आली नाही.

राघवेंद्र सहा वर्षांचा होता तेव्हा त्याची आई गेली, मागोमाग वडीलही गेले. अक्काचं लग्न होऊन ती सासरी निघाली तेव्हा ट्रंकेबरोबर हाही आला. अक्कानं त्याला न्हाऊ-माखू घातलं, दहीभात भरवला, शाळेत घातलं. पुढे हरिणी झाली. तिचे कान टोचले ते याच्याच मांडीवर बसवून, कारण तो मानही मामाचा. सोनारानं सुई काढली तशी बाळाच्या आधी मामानंच गळा काढला, असं राजलक्ष्मी अजून सांगते.

आता अशा मुलाची चौकशी कोण करतो? परका असता तर चार ठिकाणी विचारलं असतं. स्वभाव कसा आहे, हात तर उगारत नाही ना, गल्लीत कोणाशी वाकडं आहे का. राघूचं काय विचारायचं? ताटातलाच तो. हरिणीचे वडील तुळजाराम तेवढे एकदा म्हणाले, "पोरीला विचारा तरी." विचारलं. पोरगी तेव्हा बावीस वर्षांची. नाव हरिणी, पण एकदा बसली की भूकंप झाला तरी उठायची नाही. ती म्हणाली, "राघूमामाच ना? मग बरं." नवीन घर नको, नवीन माणसं नकोत, कोणाला किती तिखट लागतं हे नव्यानं शिकायला नको. आळस, दुसरं काय! एवढ्याशा आळसापायी माणूस आयुष्यभर कुठे जाऊन अडकतं, ते तिला तेव्हा कोण सांगणार होतं? तुळजाराम होते तोवर निदान विचारणारं कोणी तरी होतं. तेही गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली.

तंजावुरातच कीळवासलला राघवेंद्रची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. इकडे सरकारी नोकरी धरायची तर टायपिंगची परीक्षा दिलेली बरी, म्हणून ती जुनी यंत्रं अजून सकाळपासून खडखडतात. खाली इन्स्टिट्यूट, वर बिऱ्हाड, आणि वर जायचा जिना इन्स्टिट्यूटच्या आतूनच. वर जाणारा, खाली येणारा, दूधवाला, पाहुणा, सगळे सरांच्या टेबलावरून. शिकायला येणाऱ्या पोरींना विचारा, सर म्हणजे सोनं. कधी आवाज चढवत नाहीत. चुकलं तर "परत एकदा, अम्मा," एवढंच. तेच सर, हरिणी जिन्यावरून उतरायला लागली की हात वर करतात. सगळी यंत्रं थांबतात. हरिणी समोरच्या दुकानात कोथिंबीर घेते आणि सर ऐकतात. दुकानदार काय म्हणाला, ही काय म्हणाली, मध्ये कोणी हसलं का. पोरींना वाटतं, केवढं प्रेम! एक पोरगी तर मैत्रिणीला म्हणाली, "मला असा नवरा मिळाला तर मी कोथिंबीर घ्यायला दहा वेळा उतरेन." उतर बाई, उतर.

हरिणीची दाढ दुखायला लागली तेव्हा तर गंमतच झाली. गंमत म्हणायचं, कारण ऐकणाऱ्याला हसू येतं. दातांचे डॉक्टर पुरुष निघाले. राघवेंद्र खुर्चीला चिकटून उभा. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा. हिनं उघडलं. राघवेंद्र म्हणाला, "एवढं नको."

"सर, दाढ मागे आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग अंदाजानं काढा."

डॉक्टरांना हसू फुटलं, ते बघून हरिणीलाही फुटलं, तोंडात कापूस असताना. घरी आल्यावर त्या हसण्याबद्दल तिला जे मिळायचं ते मिळालं. काय मिळालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. गाल सुजला होता, दाढेचा म्हणून खपून गेला.

ती एका शाळेत गणित शिकवायची. चांगली शिकवायची, पोरं तिच्या तासाला जागी असायची, गणितात याहून मोठी गोष्ट कोणती? एकदा गॅदरिंगचा ग्रुप फोटो निघाला आणि त्यात ती पीटीच्या सरांशेजारी आली. फोटोग्राफरनं उंचीप्रमाणं उभं केलं, तिचा काय दोष? पण उंची वाढवल्याचाच दोष निघाला. नोकरी सुटली. शाळेतली एक मैत्रीण तेवढी राहिली, कविता, तमिळ, तोंडाची फटकळ. "तुझ्या नवऱ्यानं देवळातल्या नंदीलासुद्धा हाकललं असतं, पण तो उठत नाही," असं म्हणणारी. हरिणी तिच्याशी बोलायची ते खाली यंत्रं जोरात चालू असताना.

आणि रोज संध्याकाळी व्हायची कीर्तनाची उलटतपासणी. आठवीतली पोर. दप्तर टाकून बसली की बाप अगदी मायेनं शेजारी बसवून घ्यायचा, केसांवरून हात फिरवायचा. "आज कोण आलं होतं, कण्णा? अम्मा फोनवर कोणाशी बोलत होती? हसत होती?" सुरुवातीला पोर खरं सांगायची. एकदोनदा खऱ्याचं पुढे काय होतं ते पाहिलं, आणि खोटं सांगायला शिकली. आता तर इतकं सफाईनं सांगते की हरिणीलाच धडकी भरते. मध्येच थांबते, आठवल्यासारखं करते, एखादी खरी गोष्ट मिसळते. एक दिवस वेणी घालून घेताना म्हणाली, "अम्मा, लग्न झाल्यावर नवऱ्याला रोज काय काय सांगायचं, ते मला आत्ताच येतं. तुझ्यासारखं चुकायची नाही मी."

हरिणीचा हात वेणीतच राहिला. स्वतःच्या कपाळावर टाके पडले तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती.

टाके पोंगलचे. ऊस घेऊन आलेल्या माणसानं मोळ्या वर आणून टाकल्या, घामाघूम झाला होता, हिनं त्याला कॉफी दिली. सणाचा दिवस, दारातला माणूस, कोण देणार नाही? तो जिना उतरला आणि राघवेंद्र वर आला. हिनं त्याच्याही हातात दिलेला गरम कॉफीचा पितळी टंबलर त्यानं जो भिरकावला, तो थेट भुवईवर. आणि हे राजलक्ष्मीच्या डोळ्यांदेखत. ती सणाला आली होती, चुलीशी पोंगलचा गोड भात उतू जायची वाट बघत बसली होती. उठली, हळद दाबली, जावई-मुलगा-भाऊ जो काही तो, त्याला म्हणाली, "काय रे राघू!" आणि लेकीला म्हणाली, "तुला त्याचा स्वभाव ठाऊक आहे, मग त्या ऊसवाल्याला कॉफी काय म्हणून द्यायची गे?"

मग तिनंच उपाय सांगितला. शुक्रवारी राहुकाळात दुर्गेपुढे लिंबाचे दिवे लावायचे. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून साल उलटी करायची, तिच्यात तूप-वात घालून पेटवायची. नवऱ्याचा ताप जातो. राघवेंद्रची देवीला हरकत नव्हती; पुजारी म्हातारा आहे ना, एवढं मात्र विचारून घेतलं. हरिणीनं मनापासून दिवे लावले. पुष्कळ शुक्रवार लावले. लिंबं महाग झाली, राग होता तसाच राहिला.

कविता म्हणाली, "देवीला ऐकू येतंय, पण तिला तुमच्या घरात यायचा जिना त्याच्या टेबलावरूनच आहे. बायकांचं सल्ला केंद्र आहे, कौन्सिलर बाई बसतात. जाऊन ये."

तर पुढच्या शुक्रवारी हरिणीनं दिवा लावला, देवीला म्हणाली, बाई, मी जरा जाऊन येते, तू सांभाळून घे, आणि ऑटो करून केंद्रात गेली.

कौन्सिलर बाई मदुराईकडच्या, शांत, कापसाची साडी. हरिणीला वाटलं होतं रडू येईल. रडू कसलं, तिला गोष्टी सांगायची खोड! दाढेची गोष्ट तिनं अशी रंगवून सांगितली की बाई हसल्या. मग बाईंची नजर भुवईवर गेली आणि त्यांचं हसू थांबलं.

"तुम्हाला काय हवं आहे?" बाईंनी विचारलं. "पोलिसांत जायचं? वेगळं राहायचं? दोन्हींत मी मदत करीन."

"नको. त्यांना डॉक्टरकडे पाठवा. मनाच्या डॉक्टरकडे. मुलगी बघून बघून शिकतेय, बाई. ते बरे झाले तर मला दुसरं काही नको."

"ओढून नेता येत नाही. त्यांनी हो म्हणायला हवं. कोणाचं ऐकतात ते?"

"एकीचंच. अक्काचं."

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या. बिचाऱ्या, खरंच त्यांना सोपं वाटलं. "मी त्यांना फोन करून बोलावते. तुमच्याकडचं एक मोठं माणूस आणा, त्यांच्याकडचं एक आणायला सांगा. त्यांची अक्का बोलेल, तुमची आई बोलेल."

"बाई, अक्का म्हणजेच माझी आई."

बाईंना रीत माहीत होती, त्या मान हलवून म्हणाल्या, "ओहो, मामा का." आणि जरा वेळानं, "मग तुमच्याकडून दुसरं कोणी?"

दुसरं कोणी म्हणजे ओरत्तनाडूचे व्यंकटरमण काका, तुळजारामांचे धाकटे भाऊ. हरिणीनं त्यांना फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "अय्यो, अय्यो" म्हटलं आणि शेवटी म्हणाले, "पोरी, मला मध्ये घालू नको. वहिनीच्या भावाविरुद्ध मी कसा बोलू? पुढल्या महिन्यात नातवाची मुंज आहे. वहिनी रुसल्या तर ते घरच तुटलं. तुझी आई आहे की. आईपेक्षा जास्त कोण बोलणार?"

तेही खरंच. हरिणी आईकडे गेली. राजलक्ष्मी मेडिकल कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. गच्चीवर वडामचं वाळवण घालत बसली होती, कावळ्यांना शिव्या देत.

"आई, तू पोंगलला पाहिलंस की नाही?"

"पाहिलं की."

"मग तेवढंच त्या बाईंसमोर म्हण. आणि त्यांना सांग, डॉक्टरकडे जा. तुझ्या शब्दाबाहेर नाहीत ते."

राजलक्ष्मीनं कावळा हाकलला. "वेड्यांचा डॉक्टर?"

"झोप लागत नाही, राग येतो, त्याचा डॉक्टर. बीपीचा असतो तसा. आई, कीर्तना खोटं बोलायला शिकली आहे. माझ्यापेक्षा चांगलं बोलते."

नातीचं नाव काढल्यावर राजलक्ष्मीचे हात थांबले. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, लेकीच्या भुवईवरच्या खुणेला बोट लावलं, आणि डोळे भरून म्हणाली, "सांगते गे. मी सांगितलं तर तो विहिरीत उडी घालेल, डॉक्टर कोण मोठा? मी येते."

हरिणी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आईच्या हातचं चिंचेचं वत्तकोळंबू आणि भात होता, दोनदा वाढून घेतलं. येताना रस्त्यात गुणगुणत होती, घरी आल्यावरही. कीर्तना म्हणाली, "अम्मा, खाली जाताना गाऊ नको हं." तर म्हणाली, "थोडे दिवस राहिले गं आता."

केंद्रातून राघवेंद्रला फोन आला. ओरडला नाही, फेकलं नाही. नुसता बघत राहिला. हरिणीला वाटलं, हा फेकतो तेच बरं.

ठरल्या दिवशी तो धुतलेला पांढरा शर्ट घालून, कपाळाला ठसठशीत गोपीचंदन लावून तयार झाला. ऑटोत तिघं बसली, राजलक्ष्मी मध्ये. वाटेत त्यानं अक्काला विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस कां?" तिनं घेतली नव्हती. त्यानं ऑटो थांबवून पाण्याची बाटली आणली, तिच्या पिशवीतून गोळी काढून दिली. असा माणूस.

बाईंच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या, पलीकडे दोन. हरिणी एका बाजूला बसली, राघवेंद्र दुसऱ्या. राजलक्ष्मी दारातच उभी.

"या अम्मा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोणाकडून?"

आयुष्यभर जिला बोलायला कोणी थांबवू शकलं नाही, ती राजलक्ष्मी गप्प. एका खुर्चीकडे बघितलं, दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं. मग हळूच येऊन लेकीशेजारी बसली. हरिणीनं टेबलाखाली आईचा हात धरला.

"आणि तुमच्याकडून कोणी?" बाईंनी राघवेंद्रला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "माझं कोण आहे, मॅडम? आई नाही, बाप नाही. एक होती, ती तिकडे बसली."

आणि रडायला लागला. ढोंग नव्हतं ते. असतं तर बरं झालं असतं, राजलक्ष्मीनं ओळखलं असतं. सहा वर्षांचं पोर रडतं तसा हुंदके देऊन रडला, नाक वाहेपर्यंत. हरिणीच्या हातातला हात सुटला. राजलक्ष्मी उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि पदरानं त्याचं नाक पुसलं. मग तिथल्याच रिकाम्या खुर्चीवर बसली. तिला वाटलं असेल, रडू थांबलं की परत जाऊ. गेली नाही.

बाईंनी सगळं बघितलं. मग विचारलं, "अम्मा, पोंगलला तुम्ही तेथे होता. काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा."

"पोंगलला..." राजलक्ष्मी म्हणाली. राघवेंद्रनं तिच्याकडे बघितलंही नाही, नुसतं तिच्या पदराचं टोक धरून बसला होता. "टंबलर सुटला त्याच्या हातातून. गरम होता ना."

"आई!" हरिणी म्हणाली.

"सुटला गे. राग येतो त्याला, नाही म्हणत नाही मी. पण मॅडम, माया करणारं माणूसच रागावतं. लहानपणापासून असाच आहे हा. माझं लग्न झालं तेव्हा मला कोणाजवळ बसू द्यायचा नाही. एकदा हे आणि मी गच्चीवर बोलत बसलो होतो, तर यानं मागून येऊन ह्यांच्या नेसत्या वेष्टीला काडी लावली!" बोलता बोलता तिला हसू आलं. घरातली ठेवणीतली गोष्ट ती. प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशाला सांगितली जाणारी. "मांडीपर्यंत पेटली वेष्टी. हे नाचतायत, मी पाणी ओततेय, आणि हा पाणी घालू देत नाही! एवढासा पोर!"

बाई हसल्या नाहीत. "मग तुमच्या मिस्टरांनी काय केलं?"

"काय करणार, हसले. सगळेच हसले." राजलक्ष्मीचा आवाज चालता चालता अडखळला. "मग ते ओट्यावर झोपायला लागले. त्यानंतर पुष्कळ दिवस... पुष्कळ वर्षं तेथेच झोपायचे."

हरिणीनं ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती, पण ओट्याचं कधी ऐकलं नव्हतं. तिनं आईकडे बघितलं. आईनंही बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं होतं. आता बोलेल, हरिणीला वाटलं. आता तरी बोलेल.

बाईंनी तीच वेळ साधली. "राघवेंद्र सर, तुम्हाला त्रास होतो, दिसतंय मला. एक डॉक्टर आहेत, त्यांना भेटाल?"

"अक्का सांगेल तसं," तो म्हणाला.

सगळे राजलक्ष्मीकडे बघायला लागले. एक 'जा' म्हणायचं होतं. कबूल केलं होतं. तिनं तोंड उघडलं, भावाच्या डोक्याकडे बघितलं, तिथे टक्कल पडायला लागलं होतं, आणि म्हणाली, "आमच्या घरात वेड नाही, मॅडम. मी आहे ना. मीच जाऊन राहते त्यांच्याकडे. मी असले की तो शांत असतो."

राघवेंद्रचा चेहरा असा उजळला! "खरंच येशील, अक्का?"

झालं. बाईंनी परोपरीनं सांगून पाहिलं. राघवेंद्र प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता, चांगला विद्यार्थी मान हलवतो तसा. निघताना बाईंनी हरिणीला जरा मागे थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं दार बंद नाही. पण पुढच्या वेळी दुसरं कोणी आणा."

"आमच्यात दुसरं कोणी नसतंच, बाई," हरिणी म्हणाली. "म्हणून तर मुलगी घरातच देतात."

बाहेरून राघवेंद्रनं हाक मारली, ऑटो थांबला होता.

राजलक्ष्मी राहायला आली. वडामचे डबे, देव, बीपीच्या गोळ्या, सगळं घेऊन. खिडकीशी तिची खुर्ची मांडली गेली. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस बरे गेले. संध्याकाळची उलटतपासणी कीर्तनाची सुटली आणि आजीकडे गेली. पोर दप्तर टाकून खेळायला पळायची. राजलक्ष्मीलाही मजा वाटायची. भाऊ शेजारी बसतो, विचारतो, दिवसभराचं ऐकून घेतो. म्हातारपणी एवढं कोण विचारतं हो? ती सगळं सांगायची. हरिणी कितीला उठली, कोणाचा फोन आला, कविता काय म्हणाली. "फार बोलते ती कविता," असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी कविताचा नंबर फोनमधून गेला. राजलक्ष्मी म्हणाली, "बरं झालं गे, नाहीतरी ती उद्धटच."

शुक्रवारचे दिवेही बंद झाले. राघवेंद्र म्हणाला, देवीच्या नावाखाली एकदा फसवलं, पुरे. लिंबं आता लोणच्याला जातात.

मग गॅसवाला आला. राघवेंद्र बँकेत गेला होता. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन वर चढला, धापा टाकत बसला. राजलक्ष्मीनंच त्याला ताक दिलं. तो निघाला ओरत्तनाडूचा; तिच्या दिरांच्या गल्लीच्या मागचा. मग काय, गप्पा! हरिणी आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आली नाही, तिला शहाणपण होतं.

संध्याकाळी राघवेंद्र वर आला. अक्काच्या शेजारी बसला. "आज कोण आलं होतं, अक्का?"

"गॅसवाला आला होता रे. आपल्या ओरत्तनाडूचा निघाला, बघ."

"बसला होता?"

"दमला होता बिचारा. ताक दिलं."

"कोणी?"

"मी दिलं रे."

"तू?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. "तू कां? हरिणी काय करत होती? तिनं दिलं आणि तू नाव आपल्यावर घेतेस? मला सांग, अक्का. तू मला खोटं सांगणार नाहीस."

आणि त्यानं तिचा हात धरला. मायेनंच धरला, पण धरून ठेवला. राजलक्ष्मीनं हात सोडवायला बघितला, सुटला नाही. ती हसली, "सोड रे, बांगडी रुततेय." त्यानं सोडला नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

हरिणी स्वयंपाकघरात डोशाचं पीठ ढवळत होती. तिला बाहेरचं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. मग आईचा आवाज आला. बारीक, घाईचा, मध्येच आठवल्यासारखा थांबणारा. "नाही रे राघू. कोणी बसलं नाही. चुकून म्हटलं मी. सिलिंडर ठेवला आणि दारातूनच गेला तो. ताक... ताक मीच प्याले. डोकं फिरतं रे माझं हल्ली, गोळीनं."

हा आवाज हरिणीच्या चांगला ओळखीचा होता. या घरात तो आधी तिचा होता, मग कीर्तनाचा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी वाळलेले कपडे घडी करत बसल्या होत्या. राजलक्ष्मीच्या मनगटावर बांगडीचा वळ उमटला होता. तिनं पदर तिथपर्यंत ओढून घेतला होता. हरिणीला वाटलं होतं, आपल्याला राग येईल, किंवा बरं तरी वाटेल. काहीच वाटलं नाही. उलट म्हातारीची दया आली.

"आई, परत जायचं का तेथे? त्या बाईंकडे? तू आणि मी."

राजलक्ष्मीनं राघवेंद्रच्या पांढऱ्या शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "तेथे जाऊन काय सांगू गे? की मीच वाढवलेलं पोर..."

"जे झालं ते सांग."

"सत्तरीला टेकले मी आता. आणि मी गेले तर तो कोणाकडे बघेल? त्याचं कोण आहे?"

"आणि माझं?"

राजलक्ष्मीनं जिन्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"हळू बोल," ती म्हणाली, आणि पुढचा कपडा उचलला.